वावळाचे खांब

“उठा रे, वऱ्हाड माघारी न्या! पोरीच्या घरात मढं पुरलंय काय? यो वास कसला हाय?” नवऱ्या मुलाचा मामा रेवदंड्याच्या आमच्या अंगणात ओरडत होता. सन तीसच्या आसपासची गोष्ट. हळद लागलेली माझी बहीण दाराआडून ऐकत होती, आणि वास असा की गावातली कुत्रीसुद्धा समुद्रात उतरली होती. लग्न मोडणार म्हणून मी वासाचा माग काढत वेड्यासारखा पळत सुटलो. भाताची हंडी हुंगली, वाळत घातलेले बोंबील हुंगले, भटजींची पिशवीही सोडली नाही. शेवटी घाम पुसायला मांडवाच्या खांबाला टेकलो नि त्याच्या वासाने घेरीच आली. ते ओले खांब सकाळी याच मामांनी आपल्या वाडीतून होडीने आणले होते, ‘खरगोळाचे हायेत, झाडं मला शिकवू नका’ म्हणत. खरगोळ नि वावळ भाऊबंद खरे, पण खरगोळाचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत, आणि खांबाला राहिलेलं हे पान गुळगुळीत. मी ते चोळून थेट मामांच्या नाकाला लावलं. “मामा, यो वावळ हाय, ओला तोडला की असाच घाणतो!” सगळं वऱ्हाड मामांकडे बघत राहिलं. मामांनी उपरण्याने नाक पुसलं नि म्हणाले, “मग, जेवायला काय हाय?”