सुतकातली चूल

वसंता गेल्याचं सांगायला शिरूरहून माणूस आला, तेव्हा मी ज्वारी निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि एसटी धरली. महिना झाला त्याला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, सिगारेट.

माझा हा धाकटा भाऊ कॉलेजात शिकवायचा. सिगारेट त्यानं पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत धरली. पाण्यातून काय काय होतं ते सगळं वाचलेलं, त्यामुळं झोप उडाली. त्याच्याबरोबरच्या एका सरांनी हात धुऊन धुऊन कातडं सोलून घेतलं. दुसऱ्यांनी भीतीनं पाणीच कमी केलं आणि वर्गात चक्कर येऊन पडले. वसंता जेवण टाकून नुसता धूर ओढायचा.

"पटकीच्या आधी धुरानं मरशील," मी म्हणायचे.

"कळतं गं आक्का... हात ऐकत नाही."

त्यातच केडगावजवळच्या आमच्या गावी चुलते, आप्पा, पटकीनं गेले. मागं काकू आणि लहान नात. सुतकात आमच्यात चूल पेटवत नाहीत. भाकरी भावकीतून येते, पाणी मात्र त्याच विहिरीचं, कच्चं. नातीच्या तोंडचा तांब्या वसंतानं काढून घेतला आणि चुलीत लाकडं सारली.

भावकीतले नाना आडवे आले. "आप्पाची राख निवली न्हाई, आन् चूल पेटवतोस? लई शिकलास व्हय रं?"

"शिकलोय म्हणून भ्यालोय, नाना. तुम्हीबी भ्या."

त्याच्या पहिल्या दोन काड्या विझल्या. नाना हलेनात. शेवटी कोपऱ्यातून काकूच बोलली, "पेटव बाबा. त्येंना न्हाई राग यायचा. चहाबिगर एक दिस राह्यले न्हाईत कवा."

सुतक फिटेपर्यंत वसंता त्या चुलीपुढं बसून होता, हंडे उकळत, सिगारेटी ओढत. गावात आणखी माणसं गेली. त्या घरातून कुणी गेलं नाही. नाना त्याच्याशी पुढं कधी बोलले नाहीत, पण पाणी उकळून प्यायला लागले. माझा भाऊ भित्रा होता. त्या भित्र्यानं सगळी भावकी अंगावर घेतली, याचा मला अभिमान आहे. सिगारेट तेवढी सुटली नाही.

मी शिरूरला पोचले तर घर माणसांनी भरलेलं आणि स्टोव्ह थंडगार. वसंताची सून दबक्या आवाजात म्हणाली, "आत्या, पाण्याचं कसं करायचं?"

मी पदर खोचला, स्टोव्हला पंप मारला. म्हातारी माणसं बघत राहिली. साथबीथ काही नव्हती. तरी उकळी येईपर्यंत मी तिथून उठले नाही.