प्रोबला लागलेली हळद

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात मशीनची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्यांना आत येऊ देतात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना वरंधहून बोलावून घेतलं. सून महाडला मशीन चालवते म्हणजे नेमकं काय करते, हे त्यांना बघायचंच होतं.

मी मशीन चालू करून दाखवलं. प्रोब खाली आला. बारीक दांडीच्या टोकाला माणकाचा लाल मणी. तो समोर लावलेल्या पंपाच्या भागातल्या भोकात उतरला, एका बाजूला अलगद टेकला, चटकन मागे आला आणि दुसऱ्या बाजूला टेकला.

"लाजतंय काय गो?"

"नाही आई, माप घेतंय. भोक लहान वाटलं तर मशीन आपणच अजून कापतं."

"म्हंजे चाचपून बघतंय," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

पूजा झाली, मी प्रसाद वाटायला गेले.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर कामावर आले, पहिलाच जॉब लावला आणि मशीन अलार्म देऊन थांबलं. भोक फारच लहान म्हणे! हातातल्या गेजने मोजलं तर अगदी बरोबर. पुन्हा प्रोब लावला, पुन्हा लहानच.

सुपरवायझर आले. "कुठे आदळलास का प्रोब?"

भिंग घेऊन बघितलं, तर मण्याच्या एका अंगाला हळद वाळून बसलेली. वर कुंकूही होतं, पण लालावर लाल दिसणार कसं? मणी स्पिरिटने पुसला, ठरलेल्या मापाच्या रिंगवर प्रोब पुन्हा जुळवून घेतला आणि माप बरोबर आलं. सुपरवायझर हसतच परत गेले.

सासूबाई अजून आमच्या बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीवरच होत्या. संध्याकाळी त्यांना सांगितलं, तर चेहराच उतरला.

"माज्यापायी तुला कोन बोललं काय?"

"कुणी नाही, आई. पण तिथे कशाला लावलंत?"

"समद्यांना लावलं, मग त्यालाच कसं सोडू? सगळ्यात गरीब तेच वाटलं गो."

मला एकदम भरून आलं. मग त्याच हळूच म्हणाल्या, "पन एवढीशी हळद कळली गो त्याला!" आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

आता वरंधला कुणी पाहुणा आला की त्या हे सांगतातच. दर खेपेला गोष्टीतला हळदीचा थर थोडा पातळ होत जातो, आणि मशीन तेवढंच हुशार.