कोथिंबिरीच्या बदल्यात एक शब्द

अख्ख्या वऱ्हाडात परदेशी भाषांची बागायत करणारी बाई एकच होऊन गेली आणि ती माझी सासू होती. मी अंदाजाने बोलणारा माणूस नाही. अकोल्याच्या बाजारात रुईच्या काट्यापाशी उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. काटा थरथरत असेपर्यंत मी वजन सांगत नाही, मग समोर शेठ असो की साहेब. तरीही हे विधान मी बेधडक करतो, कारण दुसरी अशी बाई असती तर माझ्या सासूने तिला गाठून तिच्याकडून दोन शब्द नक्की काढले असते.

अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेनाशी झाली आणि सगळं जग आमच्या काळ्या मातीकडे धावलं, त्या दिवसांची ही गोष्ट. दिवाळी झाली की माणसं उतरू लागत. इंग्रज दलाल येत, त्यांच्या मागोमाग गोव्याचे स्वयंपाकी, घोडे विकणारे इराणी, शेठांच्या थैल्यांवर पहारा करणारे अरब. होळी झाली की सगळे पांगत. मोर्णेच्या काठी, जुन्या शहरातून रुईच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर सासूबाईंचा मळा होता. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. वांगी, कांदे, मुळे, थोडी फुलं आणि एक विहीर एवढ्या संसारावर त्या एकट्या राज्य करत. उभ्या आयुष्यात त्या मूर्तिजापूरच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या; पण जग आपणहून त्यांच्या कुंपणापाशी येऊन वांगी मागू लागलं, तेव्हा त्याला नुसती वांगी देऊन परत पाठवायचं त्यांना पटेना.

भाजी घेतली की वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट द्यायच्या, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी तिला जरा वेगळं वळण दिलं. भाजीचा भाव सगळ्यांना सारखा, पण कोथिंबीर हवी तर तुमच्या भाषेतला एक शब्द द्यायचा. कालचा शब्द आज चालत नसे. गोव्याचा स्वयंपाकी जुनाच शब्द खपवायला पाहायचा; तेव्हा त्या जुडी पाठीमागे लपवून म्हणत, “हा तं झाला ना बापा परवा! शिळा माल नाई चालत माह्या मळ्यात.” तो बिचारा पोर्तुगीजमधला सगळा भाजीपाला संपवून शिव्यांवर आला होता. त्याही त्यांनी आनंदाने घेतल्या आणि कावळ्यांसाठी राखून ठेवल्या.

प्रत्येक भाषेला त्यांनी मळ्यातलं एकेक काम नेमून दिलं होतं. मोट ओढताना इंग्रजी, कारण साहेब दोरीला हिसके दिल्यासारखा बोलतो. फुलं तोडताना फारसी, कारण तीही हलक्या हातानेच तोडावी लागते. भाजी निवडताना पोर्तुगीज. आणि कुंपण मोडून आत शिरलेल्या गुरांसाठी अरबी. ही योजना निव्वळ हौसेची होती, पण गुरांच्या बाबतीत ती लागू पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मराठी ओरडण्याला न जुमानणारी शेजाऱ्याची म्हैस त्यांनी घशातून काढलेल्या एका अरबी हाकेसरशी माघारी वळली आणि पुन्हा कुंपणाजवळ दिसली नाही.

“एका वेळी एकच भाषा शिका ना मामीजी,” मी एकदा म्हटलं. “आधी एक पुरी होऊ द्या, मग दुसरी.” काट्यावर दोन गठ्ठे एकदम ठेवले तर वजन कळत नाही, असाही दाखला मी दिला. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “जवाईबापू, वावरात पराटी पेरतो तं मंदात तूर टाकतोच ना आपन? धुऱ्यावर अंबाडी लावतो ना? मंग डोक्याचंच वावर एकट्या पिकाचं काहून ठेवाचं?” माझ्या बायकोला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, हे सगळं थोतांड वाटे. “मा, या भाषेचं तू करशीन काय?” ती विचारायची. “मोगऱ्याचं तू काय करतं व? वासच घेतं ना? तसंच,” हे उत्तर. एका शेठाने त्यांना साहेबाशी बोलणी करायला दुभाषी म्हणून पेढीवर बसायला सांगितलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. “एकाचं खोटं दुसऱ्याच्या भाषेत सांगाचं काम मी नाई कराची.”

मिश्र पिकाचा व्हायचा तो परिणाम झाला. कोणता शब्द कोणत्या भाषेचा याच्या खुणा हळूहळू पुसल्या आणि त्यांच्या एका वाक्यात चार मुलुख नांदू लागले. गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती. प्रत्येकाला आपल्यापुरता एक तरी शब्द कळायचा आणि तेवढ्यावर तो खूश व्हायचा. तक्रार आली ती घरातून.

माझे चुलतसासरे, म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर, अमरावतीच्या रुईबाजारात हात मारून चांगले गब्बर झाले होते. डोक्यावर भला मोठा लालसर फेटा, पदरावर पदर चढवलेला. तो आधी दाराशी दिसायचा आणि मागून ते. जिथे जिथे हिरवं दिसेल तिथे पराटी, म्हणजे कपाशी, लावायची, असा त्यांचा खाक्या होता. भावजयीच्या मळ्यात वांगी पाहून त्यांचा जीव तुटे. “वयनी, सोन्याच्या भुईत तुमी मुळे लावून राहिल्या!” सासूबाई ऐकेनात, तेव्हा त्यांनी दुसरी वाट काढली. चैत्रात, परदेशी माणसं सगळी पांगल्यावर, त्यांनी जातीचे पंच बोलावले आणि सांगितलं की वयनीला भूत लागलं आहे. ती वांग्यांशी, कावळ्यांशी, मोटेच्या बैलांशी कोणाला न कळणारं बोलते. अशा बाईच्या हाती मळा राहू नये, तो आपण सांभाळू.

पंच मळ्यातल्या चिंचेखाली बसले. मी सासूबाईंना आधीच विनवून सांगितलं होतं की पुन्हा दिवाळी येईपर्यंत गप्प राहा. साहेब, स्वयंपाकी, इराणी आले की तेच साक्ष देतील. पंचांचंही तेच म्हणणं पडलं. सगळ्यांत म्हातारे पंच होते, त्यांनी समजुतीने विचारलं, “बाई, सोडून द्या ना हे. मळा तुमचाच राहीन. सात महिने तोंड आवरता नाई येत का?”

“येते,” सासूबाई म्हणाल्या. “पन नाई आवरनार. वावर माह्या मालकाचं होतं. हे तोंड तं माहेरूनच माहं आहे.”

“पाहा!” चुलतसासरे फेटा सावरत म्हणाले. “भूतच बोलून राहिलं!”

सासूबाईंनी पदर खोचला. “भूत दुसऱ्याले शिकवता येते का हो, पंच? भाषा शिकवता येते. पुनवेपर्यंत मुदत द्या. तुमी म्हनान त्याले शिकवून दाखवतो. नाई जमलं तं मळा भाऊजीचा, अन् मी लेकीच्या दारी.”

चुलतसासऱ्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “मंग आमच्या जवाईबापूले शिकवा,” ते म्हणाले. “खोटं ते बोलत नाईत, हे साऱ्या बाजाराले ठाव आहे. अन् मराठीतच त्यायले चार वाक्यं लागोपाठ बोलता येत नाईत.” दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मी होकाराची मान हलवली.

तो पंधरवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. सकाळी बाजारात जाण्याआधी मी मळ्यात हजर व्हायचो. सासूबाई वांगी पुढे टाकायच्या आणि एकाच दमात तीन भाषांतून नावं घ्यायच्या. मी प्रत्येक शब्दाचं कूळ विचारायचो. “आधी हा कोणाचा ते सांगा, म्हणजे मी वेगळा ठेवतो.” “वेगळा ठेवू नका, खाऊन टाका,” त्या म्हणायच्या. इंग्रजी शिकताना मला खरोखरच मोट हाकायला लावलं. बैल माझं इंग्रजी ऐकून जागच्या जागी उभे राहिले. घरी बायको भाकरी थापता थापता म्हणे, “अजी, जमते का काई? का आईची खाट आतापासूनच टाकू अंगनात?” ती थट्टेत म्हणायची, पण भाकरी वाकडी व्हायची. तिचं माहेर म्हणजे तो मळाच होता.

पुनवेला पंच पुन्हा चिंचेखाली जमले. म्हाताऱ्या पंचांनी परीक्षा अशी लावली: सासूबाई विहिरीपाशी उभ्या राहतील, मी मळ्याच्या दुसऱ्या टोकाला. पंच त्यांच्या कानात एका वस्तूचं नाव सांगतील, त्या आपल्या भाषेत मला हाक देतील आणि मी ती वस्तू आणून पंचांपुढे ठेवीन. खाणाखुणा नकोत म्हणून त्यांना माझ्याकडे पाठ करायला लावली.

“ब्रिंग से बेरिंजेला!” पहिली हाक आली. ब्रिंग साहेबाचं, से इराण्याचं, बेरिंजेला स्वयंपाक्याचं. मी तीन वांगी तोडून पंचांपुढे ठेवली. म्हाताऱ्या पंचांनी मान डोलावली.

“बियार दोयश सेबोला!” बियार हे इराण्याचं ‘आण’. मी दोन कांदे उपटले, माती झटकली आणि नेऊन ठेवले. बायको कुंपणाला धरून उभी होती. तिने श्वास सोडलेला मला एवढ्या लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

“हे तं ठरवून चाललं!” चुलतसासरे उसळले. “मळ्यातलीच भाजी, पाठ करून घेतली असन! मळ्यात उगवत नाई असं काई सांगा.” म्हाताऱ्या पंचांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, मिशीत हसले आणि सासूबाईंच्या कानाशी लागले.

या वेळी हाक लगेच आली नाही. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या; पदर बोटाला गुंडाळत होत्या. त्यांच्यापाशी तो शब्द असेल, पण माझ्यापाशी नव्हता, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या डोक्याच्या वावरात काय काय उगवलंय ते त्यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार? मळा, लेकीचं माहेर, सगळं त्या एका हाकेवर लटकलेलं. मग त्यांनी मान ताठ केली.

“बियार सेबोला ग्रांद!”

मोठा कांदा आण. ग्रांद म्हणजे मोठा, ते त्यांनी मला भोपळ्यावर शिकवलं होतं. मी वाफ्यात वाकलो. सगळे कांदे सारखेच. मोठा म्हणावा असा एकही नाही. शिवाय मळ्यात न उगवणारी वस्तू मागितली होती. मी घाम पुसला, वर पाहिलं आणि चिंचेखाली मला तो दिसला: लालसर, गोल, पदरावर पदर चढलेला.

काटा थरथरत असताना वजन सांगायचं नाही, हा माझा नेम. आयुष्यात एकदाच मी तो मोडला. सरळ चुलतसासऱ्यांपुढे जाऊन उभा राहिलो, वाकून त्यांच्या पायांना हात लावला, म्हटलं, “माफी असावी, मामाजी,” आणि त्यांच्या डोक्यावरचा फेटा अलगद उचलून पंचांपुढे त्या दोन कांद्यांशेजारी ठेवला.

म्हाताऱ्या पंचांनी कांद्यांकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, आणि ते असे हसले की त्यांना ठसका लागला. बाकीचे पंचही हसले. कुंपणापाशी बायको पदरात तोंड खुपसून हसत होती. “फेटाच सांगितला होता म्या,” ठसका आवरत ते म्हणाले. “आतापरेंत लय भुतं पाह्यली. भुतानं रडवलेले लोक पाह्यले. पन भुतानं कोनाले हासवलं, असं नाई पाह्यलं. हे भूत नाई. मळा बाईचा.” मग फेटा उचलून त्यांनी स्वतःच्या हाताने चुलतसासऱ्यांच्या डोक्यावर ठेवला. तेही शेवटी वऱ्हाडीच; तोंड फुगवून मला ग्रांदचा अर्थ विचारला आणि मग म्हणाले, “वयनी, कांदा म्हना, पन ग्रांद म्हनलं ते बरं केलं.”

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, रुईचा भाव बसला आणि अमरावतीहून चुलतसासरे साधा पांढरा फेटा बांधून परत आले. सासूबाईंनी त्यांना कधी टोचलं नाही. भाजी न्यायला आले की एवढंच म्हणायच्या, “कोथिंबीर पाह्यजे तं अमरावतीचा एखादा नवा शब्द द्या, भाऊजी.” आगगाडी आली आणि माणसं मळ्यावरून जाईनाशी झाली. सासूबाई टोपली घेऊन ठेसनावर जाऊन बसू लागल्या, पण उतरणाऱ्या साहेबांना आता हिंदुस्थानी येऊ लागली होती. “सारे आपलीच बोली बोलून राहिले,” त्या संध्याकाळी टोपली टेकवत म्हणायच्या. “कोनापाशी नवं काईच नाई.” मग आम्ही दोघंच विहिरीच्या काठावर बसून बोलायचो. आमची ती भाषा ना साहेबाची राहिली होती, ना इराण्याची. काही शब्द तर कुठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या गेल्या तेव्हा मी हिशेब केला. ती भाषा बोलणारे जगात दोघेच होते. आता एकच उरला, आणि एकट्याने बोलायची ती भाषा नाही. महिनाभर मी मळ्यात गेलो की तोंड मिटून काम करायचो. मोटेचे बैल मागे वळून वळून पाहायचे.

एक दिवस मी कांद्याच्या वाफ्यात वाकलो होतो. मळ्यातल्या खोपीच्या दारातून बायकोने हाक मारली. ती ही भाषा कधी शिकली नव्हती, उलट जन्मभर तिने या भाषेची टरच उडवली होती. आवाज मात्र थेट सासूबाईंनी विहिरीपाशी उभं राहून मारलेल्या हाकेसारखा.

“अजी! ब्रिंग से बेरिंजेला!”

मी तीन वांगी तोडली. मोजण्यात मी सहसा चुकत नाही; ती भाषा बोलणारे मोजताना मात्र चुकलो होतो. वांगी तिच्या पदरात टाकली, तेव्हा तिने कोथिंबिरीची जुडी पाठीमागे धरली आणि म्हणाली, “पयले एक शब्द द्या.”