दामल्यांचा मेलेला तक्ता

दामले शर्टाच्या खिशात लिंबू ठेवायचे. रत्नागिरीजवळ कुवारबावच्या माझ्या गॅरेजात लॅपटॉप उघडून बसले की मधूनच ते लिंबू बाहेर काढायचे, नखानं साल जराशी खरवडायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि पुन्हा आकड्यांत डोकं घालायचे. आमच्या मेकॅनिकांना वाटायचं, विद्वान माणूस आहे, लिंबाच्या वासावर डोकं चालत असेल. मलाही तसंच वाटायचं. त्या लिंबापायी माझं सगळ्यांत चांगलं गिऱ्हाईक गेलं, म्हणून आधी त्याचीच ओळख करून दिली.

दामले केळशीचे. घरची बाग, वडील हेडमास्तर, स्वतः इंजिनियर. मुंबईची नोकरी 'साहेबाला कळत नाही' म्हणून सोडून आले होते. मी मंडणगडचा, शिकलो ते गाड्यांखाली आडवा पडून. आमचे तालुके एकमेकांना लागून, पण त्यांनी मला कधी गाववाला म्हटलं नाही. 'शिगवण' एवढंच म्हणायचे, वर्गात हजेरी घेतल्यासारखं.

तेव्हा कार्बोरेटरच्या गाड्या मागे पडून इंजेक्शनच्या येत होत्या. त्यांत इंजिनाला कॉम्प्युटर असतो, आम्ही त्याला डबा म्हणतो. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं डब्यातल्या चिपमध्ये आकड्यांच्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. पण कुठल्याच तक्त्यावर नाव नसतं. नुसते आकडे, रांगेला रांग. आकड्यांची चढउतार बघून अंदाज करायचा, मग आकडे बदलून गाडी पळवायची आणि काय बिघडतं ते बघायचं. ज्यानं जे बिघडलं, तो तक्ता त्याचा. रत्नागिरीत हे फक्त दामल्यांना जमायचं आणि ते त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

ओळख न पटलेल्या तक्त्याला ते 'बिनबारशाचा' म्हणत. मी घाई केली की म्हणायचे, "बारशाआधी नाव घेऊ नये, शिगवण."

"बारसं होईपर्यंत गिऱ्हाईक पणजोबा होईल," मी म्हणायचो. ते लिंबू हुंगायचे.

मांडवीच्या डॉक्टर सावंतबाईंची गाडी माझ्याकडे आली. खाऱ्या हवेनं डबा आतून सडला होता. बाईंचा शब्द गावातल्या सगळ्या डॉक्टरांत चालायचा. ही एक गाडी नीट केली असती तर त्या सगळ्यांच्या गाड्या माझ्या दारात लागल्या असत्या. कुवारबावला तोवर मला कार्बोरेटरवालाच म्हणत. मी मुंबईच्या भंगारबाजारात दुकानदाराशी घसा बसेपर्यंत घासाघीस करून दुसरा डबा आणला. मेक तोच, पण परदेशी मॉडेलचा. त्यातले तक्ते या इंजिनाला जुळवायचं काम दामल्यांचं.

एकेक तक्ता त्यांनी ओळखला, हे कबूल. शेवटी एक रांग उरली. त्यांनी तिच्यात सगळीकडे शून्य भरलं आणि आम्ही गाडी पळवली. भाट्याचा पूल, मिरकरवाडा, विमानतळाचा कातळ. काहीच फरक पडला नाही.

"हा मेलेला तक्ता," दामले म्हणाले. "कंपनीवाले ठेवतात असे. शून्यच राहू दे."

"एकदा घाट चढवून बघूया. बाई मुलीला घेऊन पाचगणीला निघाल्यात."

"आकड्याला घाट कळत नाही, शिगवण."

"आंबा घाट काय लांब आहे? जाऊन येऊ."

"मला वेळ नाही," असं म्हणून त्यांनी लिंबू काढलं. वर मला सुनावलं की शंका घ्यायला आधी विषय कळावा लागतो. विषय त्यांचा, म्हणून मी गाडीची चावी बाईंच्या हातात दिली.

मुलीच्या शाळाप्रवेशाची मुलाखत होती. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढायला लागल्यावर गाडी काळा धूर ओकायला लागली आणि वरच्या वळणावर बसली ती उठेना. प्लग काजळीनं भरले होते. मुलाखत हुकली. परत आल्यावर बाई गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या, आवाजही चढवला नाही.

"शिगवण, गाडी घाट चढवून पाहिली होती का तुम्ही?"

"आमच्या इंजिनियरनी सगळी तपासली होती, बाई."

"मी घाटाचं विचारलं."

घाटाला नाही म्हणणारा आत बसून लिंबू हुंगत होता.

मी प्लग बदलले, दामल्यांना लॅपटॉपसकट त्याच गाडीत बसवलं आणि आंबा घाटाला घातली. साखरपा गेल्यावर ते पांढरे पडले. पहिल्याच वळणांत खिडकीबाहेर ओकले, मग गाडीत, मग लॅपटॉपच्या पिशवीत. तेव्हा मला लिंबाचा अर्थ कळला. या माणसाला गाडी लागत होती. भाट्याच्या सपाट रस्त्यावर लिंबानं निभत होतं, घाटात लिंबाची झाडं लावली असती तरी पुरली नसती.

पण माथ्यावर पोचलो आणि स्क्रीनकडे बघून त्यांनी मांडीवर थाप मारली. "सापडला, शिगवण! उंचीचा तक्ता. वर हवा विरळ होते, तसं पेट्रोल कमी करणारा. आपल्याकडे समुद्राकाठी त्याचं उत्तर मुळातच शून्य. शून्याच्या जागी शून्य भरलं, तर फरक कसा पडेल?"

"म्हणजे बारसं न करताच तुम्ही त्याचं बारावं घातलंत," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. शर्ट भिजलेला, तोंडाला वास, आणि चेहऱ्यावर आनंद असा की जणू मुलाखत त्यांच्याच मुलीची होती आणि ती पास झाली होती.

गाडी ठीक झाली. बाईंनी आभार मानले, नेली, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला समोरच्या गॅरेजात लावली. त्यांच्यामागोमाग बाकीचे डॉक्टरही तिकडेच. ती गाडी आजही पाचगणीला जाते आणि नाव समोरच्याचं होतं.

दामल्यांना त्याच कामाच्या जोरावर पुण्याला नोकरी लागली. तिथे म्हणे गाड्या तपासायला बंद खोलीतली हवा उपसून जागेवरच घाट तयार करतात. अशी नोकरी त्यांनाच मिळायची. घाटाची एस.टी. नको म्हणून ते रेल्वेनं पनवेलचा वळसा घालून निघाले. स्टेशनवर सोडायला मी गेलो, कारण एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"दामले, घाटात मळमळतं हे तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

त्यांनी खिशातलं लिंबू चाचपलं. पहिल्यांदाच हजेरी घेतल्यासारखे बोलले नाहीत.

"तुम्हाला कसं सांगणार हो, शिगवण? तुम्ही हसला असतात."

"हसलो असतोच," मी म्हटलं. "आणि हसत हसत गाडी मीच वर नेली असती."