शेजारणीच्या आजोबांचा सातबारा

जगात माणसं दोनच प्रकारची, सातबाऱ्यावर नाव असलेली आणि उपरी, असं माझे सासरे मानत. तलाठ्याच्या नोकरीतून ते निवृत्त झाले होते, नोकरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. २००५ साली आमच्याकडे अमेरिकेत श्रूजबरीला आले ते पहिल्याच सकाळी घराला प्रदक्षिणा घालून त्यांनी चतुःसीमा विचारल्या. कुठे बांधच दिसेना, तेव्हा इथली माणसं भांडतात तरी कशावरून, याची त्यांना काळजी लागली. देवळात नेलं तर हात जोडण्याआधी जागा कोणाच्या नावावर आहे, ही चौकशी. फक्त आमचे हे "गावच्या जमिनीवरून माझं नाव कमी करा, चुलतभाऊ कसतोय ना" म्हणाले, की सासरे उठून अंगणात जात.

पूर्वेच्या हद्दीला एक आयरिश वंशाच्या आजी राहत. गुडघे साथ देताहेत तोवर आयर्लंडला जाऊन आपल्या आजोबांचं घर बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. तिथल्या जुन्या जमीनपट्टीच्या दप्तराच्या रंगीत झेरॉक्स त्यांनी मागवल्या, तर गावात त्याच नावाचे तिघे निघाले. सासऱ्यांनी प्रकरण हाती घेतलं. इंग्रजी बेताचंच, पण ते रकाने बघून त्यांचा चेहरा माहेरी आल्यासारखा फुलला. तिघांतल्या एकाच्या नावावर लाल रेघ होती. "मयत," म्हणून त्यांनी तो तत्काळ बाद केला आणि उरलेल्या दोघांवर महिनाभर डोळे फोडले. एकही जुळेना.

शेवटी एकदा चहा ओतता ओतता आजींनी सहज विचारलं, अमेरिकेला निघून गेलेल्याचं नाव तुमच्याकडे कसं काढतात? सासऱ्यांनी कप ठेवून कागद पुन्हा उघडले. आजींचे आजोबा ज्या जहाजाने अमेरिकेला आले त्याचं साल आणि लाल रेघेशेजारचं साल एकच होतं. ज्या माणसाला महिनाभर मेलेला धरलं, त्याचीच नात त्यांना बिस्किटं देत होती.

आजी जाऊन आल्या. घराची एक भिंत उरली होती, तिला टेकून काढलेला फोटो त्यांनी सासऱ्यांना दिला. तो त्यांनी पासपोर्टात ठेवला.

परत निघताना, बॅगेचं वजन करता करता, सासरे आपणहून यांना म्हणाले, "नाव कमी करून देतो. पण फेरफारात कारण लिहून घेईन, अमेरिकेस गेला. पुढे कुणी शोधत आलं तर मयत समजायला नको."

असं लिहिता येत नाही, असं नवा तलाठी म्हणाला म्हणे. सासऱ्यांनी त्याच्या मानगुटीवर बसून लिहून घेतलं. सासरे वारले त्याला आता वर्ष होईल. घराच्या चतुःसीमा कुणी विचारत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही. आमची मुलगी मराठीतून विचारलं तरी इंग्रजीतून उत्तर देते. जरा मोठी झाली, की तिला गावी फेरफारातली ती ओळ वाचायला घेऊन जाणार आहे.