पळती रेकॉर्ड

चालू वस्तूंशी काय बोलावं हे स्पिरो कानेव्हला कधी सुचलं नाही. बिघडलेल्या वस्तूशी मात्र त्याच्या गप्पा रंगत. बायको गेल्यापासून त्याच्या घरी मुक्या रेडिओंखेरीज कुणी नव्हतं, आणि तेही दुरुस्त होऊन बोलायला लागले की आपापल्या मालकाकडे निघून जात.

त्याचं दुसरं व्यसन होरो, म्हणजे साखळी धरून करायचा नाच. त्र्यावना गावाच्या वाचनालयात दर गुरुवारी रेकॉर्ड लावून म्हातारी मंडळी हातात हात गुंफून नाचत. पुढे लाल हातरुमाल फडकवत रुसाना, सगळ्यांत मागे स्पिरो. शेवटच्याचे पाय चुकले तरी कुणी बघत नाही, आणि साखळी वळली की सगळ्यांत पुढची बाई समोर दिसते. हे दुसरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते गावभर माहीत होतं.

या वसंतात रुसानाने हातरुमाल खाली ठेवला. पावलं ठेका गाठत नाहीत, आता वय झालं. जत्रेत तुम्ही नाचा, मी प्लेव्हेनला लेकीकडे कायमची राहायला जाते, असं तिने जाहीर केलं. धाप सगळ्यांनाच लागत होती, पण म्हातारं होण्याचा पहिला मान मंडळींनी अदबीने तिला दिला.

त्यानंतरच्या गुरुवारी स्पिरोचा घोटा मुरगळला होता, म्हणून तो बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला. रेकॉर्डची एक बाजू म्हणजे बियांची एक पुडी, हा त्याचा जुना हिशेब. आज बाजू संपली आणि पुडीत मूठभर बिया उरल्या. त्याचे दात काही तरुण झाले नव्हते. म्हणजे रेकॉर्डच पळत होती. तिचा वेग थोडाथोडा वाढत गेल्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शिवाय रेकॉर्डवर वाजायचं ते कातडी मशक फुगवून वाजवायचं वाद्य, ते किंचाळलं काय आणि जरा जास्त किंचाळलं काय!

सगळे गेल्यावर त्याने रेकॉर्ड-प्लेअरच्या फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस हवेत, भरले अडतीस. वेगाचं बटण जागेवर होतं. पट्टाही ठीक. थाळी उचलल्यावर मात्र मोटरच्या इवल्याशा कप्पीवर दोरा गुंडाळलेला दिसला, दुधी रंगाचा, रिळासारखा घट्ट. कप्पी जाड झाली की थाळी पळणारच.

दोरा कुठला, हे शोधावं लागलं नाही. थाळीवरचं रबर झिजलं तेव्हा रुसानाने क्रोशाची गोल जाळी विणून रेकॉर्डखाली घातली होती. आमच्याकडे टीव्ही, फोन, पाव यांपैकी काहीही उघडं ठेवणं असभ्य. त्या जाळीची एक कड सुटली होती; जाळी पाकळी-पाकळीने आक्रसत होती आणि होरो पळत होता.

आता पंचाईत झाली. रुसानाला पायांपेक्षा विणकामाचा अभिमान जास्त. पट्टा बिघडला होता असं खोटंच सांगावं, तर ती पुन्हा तशीच जाळी घालणार. न सांगावं, तर ती प्लेव्हेनला जाणार.

तो तिच्या घरी गेला तेव्हा ती भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. त्याने दोरा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, नेहमीप्रमाणे मोटरच्या जन्मापासून. तिने दोरा दिव्यापाशी धरला.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "पण ही गाठ माझी नाही. त्या दोन्काने जाळी धुताना ओढली असणार."

दोन्का म्हणजे वाचनालयाची चिटणीस. तिने आयुष्यात काही धुतल्याचं ऐकिवात नव्हतं.

"असेल," स्पिरो म्हणाला.

"म्हणजे माझे गुडघे ठीक आहेत?"

"गुडघे मी उघडून बघितले नाहीत."

"बघूही नकोस, मेल्या." तिने एका बरणीवरचा कागद सोडला. "बस. पाव काढते."

पुढच्या गुरुवारी रेकॉर्ड तेहतीसने फिरली. थाळीवर स्पिरोच्या जुन्या टोपीतून कापलेलं फेल्टचं जाड कापड होतं. रुसानाची नवी जाळी रेकॉर्ड-प्लेअरच्या झाकणावर, लोकांना दिसेल अशी. मंडळींना धावायची सवय लागलेली. दुसऱ्या वळणावर सगळे रुसानाच्या टाचांवर चढले.

"कुठं आग लागलीय रे?" तिने हातरुमाल उंचावून विचारलं.

साखळी वळून ती समोर आली, आणि सगळ्यांत मागे स्पिरोचं पाऊल चुकलं.