लांब पल्ल्याचं यान

खिडकीजवळची जागा माझी होती, हे आधीच सांगून ठेवतो. वैजीनाथ जीपवाला अजूनही सोनपेठभर सांगत फिरतो की ती त्याची होती, आणि लोकांना काय, ऐकायला कान मोकळेच असतात.

आमचे शेजारी व्यंकटराव सोनपेठच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना गाडीत बसवलं. आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी आठवडी बाजारात भाजी निवडणाऱ्या बाईला कळायचं, गंगाखेडची लागली. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरात मावेना. जेवण वाढलं की ते ओसरीवर येऊन तशी घोषणा करायचे, आणि आमच्या घरातला कुत्रा उठून त्यांच्याकडे जायचा.

त्यांची मुलगी अपेक्षा पुण्याला नोकरी करते. तिनं आपला जुना कॉम्प्युटर वडिलांना आणून दिला आणि त्यात अंतराळाचा एक खेळ टाकून दिला. यान निवडायचं, एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उड्या घेत जायचं आणि जिथं आजवर कुणी पोचलं नाही तिथं पोचायचं, असा एकूण प्रकार. व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शेवटचा थांबा कुठला?"

हा प्रश्न त्यांनी कुणासाठी विचारला ते मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोची, दैवशालाबाईंची, एकच हौस होती. लांब पल्ल्याच्या गाडीत बसायचं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत मध्ये कुठं उतरायचं नाही. गाव कुठलंही चालेल. एका दिवाळीत त्या खरोखर पिशवी घेऊन गाडीत जाऊन बसल्याही होत्या. गर्दी एवढी झाली की एका बाळंतिणीला जागा मिळेना. तेव्हा नियंत्रकसाहेब स्वतः गाडीत चढले आणि आपल्याच बायकोला खाली उतरवलं. स्थानकात त्यांचं फार कौतुक झालं. दैवशालाबाई पिशवी घेऊन घरी आल्या आणि त्यांनी भाकरी टाकल्या. पुढं सुट्टी आणि गर्दी यांचा मेळ कधी बसला नाही. आता त्यांचे गुडघे गेलेत, गाडीचे धक्के सोसत नाहीत. म्हणून व्यंकटरावांनी मनाशी धरलं की बाईला घरातल्या खुर्चीवर बसवून शेवटच्या थांब्याला न्यायचं.

मग यान निवडायचं काम निघालं. अपेक्षा फोनवर म्हणाली, "बाबा, ते बारकं घ्या. हलकं आहे, उडी लांब जाते. लांबच्या शोधाला सगळे तेच नेतात." व्यंकटरावांनी बारकं यान पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. "ही जीप हाय," ते म्हणाले. "कंडक्टर कुठं उभा राहील?" दुसरं यान दिसायला देखणं होतं, पण त्याला संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग त्यांना सापडेना. तिसरं मोठं, पोट सुटलेलं, आत पाहिजे तेवढ्या प्रवासी खोल्या बसवता येणारं. ते त्यांनी घेतलं आणि आधी लाल रंगवलं.

"बाबा, खोल्या बसवू नका. वजन वाढलं की उडी आखूड होते."

"रिकामी गाडी डेपोच्या बाहेर काढायची का? भारमान काय दाखवू मी?"

भारमान म्हणजे गाडी किती भरून गेली त्याचा हिशोब. नोकरीत ते देवापेक्षा जास्त त्यालाच भ्याले होते. अंतराळात भारमान विचारायला कोण येणार, असं मी म्हणालो तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विनातिकीट सापडलोय. मग ते बाजारच्या दिवशी चौकात उभे राहिले आणि शेवटच्या ताऱ्याकडे जाणारी गाडी लागल्याचं ओरडून सांगितलं.

आमचे लोक गाडी लागली म्हटलं की ती कुठं जाते ते नंतर विचारतात. वैजीनाथ सगळ्यात आधी धावला आणि व्यंकटरावांच्या खिडकीतून आत रुमाल टाकून कॉम्प्युटरच्या टेबलावर खिडकीजवळची जागा धरली. त्याच्या आधी माझा टॉवेल तिथं होता, पण तो सांगतो त्याचा रुमाल वर होता म्हणून जागा त्याची. असा न्याय मी जन्मात ऐकला नाही. संध्याकाळपर्यंत टेबलावर रुमाल, टॉवेल, उपरणी आणि कुणाची तरी टोपी असा ढीग झाला. व्यंकटरावांनी प्रत्येकाच्या नावाची खोली यानात बसवली. पहिली, ड्रायव्हरच्या मागची, दैवशालाबाईंची.

दैवशालाबाईंना घरात मळकी फडकी बघवत नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळा ढीग धुवून दोरीवर वाळत घातला आणि अख्खं आरक्षण पाण्यात गेलं. त्यावरून जी भांडणं झाली ती मी लिहीत नाही, कारण त्यातले दोघं अजून माझ्याशी बोलतात.

कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधून, उंबऱ्यावर नारळ फोडून यान सुटलं. रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही आपापल्या जागी जाऊन बसायचो. यान तारा गाठायचं, व्यंकटराव "चहापाण्याला धा मिनिटं" म्हणायचे, आणि सगळे उतरून ओसरीवर जायचे. गल्लीतल्या सितारामला गाडी लागते. तो सतरंजीवर बसून लिंबू हुंगायचा, आणि खरं सांगतो, दोनदा त्याला अंगणात पळावं लागलं. दैवशालाबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघायच्या. "बस की गं," व्यंकटराव म्हणायचे. "बसते की. शेवटचा थांबा येऊ द्या," त्या म्हणायच्या.

आठवड्यांमागून आठवडे गेले. तारे विरळ झाले. आणि एका दुपारी गाडी थांबली. समोर एकच निळसर तारा उरला होता, त्याच्यापलीकडे नुसता अंधार. त्या ताऱ्याला अजून कुणी गेलेलं नव्हतं, तसं पडद्यावर लिहिलेलंच होतं. यानाची उडी तिथवर पोचत नव्हती. थोडक्यासाठी, पण पोचत नव्हती.

व्यंकटरावांनी अपेक्षाला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, खोल्या सोडून द्या. एक बटण आहे. आत कुणी नाहीये."

"कुणी न्हाई कसं? वैजीनाथ हाय, सिताराम हाय, गुरुजी हायत." गुरुजी म्हणजे मी. "चालू रस्त्यात सवारी उतरवायची न्हाई. मी जल्मात उतरवली न्हाई."

दैवशालाबाई दारातून पुढं आल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही.

"माझी खोली सोडा," त्या म्हणाल्या. "मला उतरायची सवय हाय. ह्या लोकांला कामून उतरवता? एवढ्या लांब आलेत."

व्यंकटराव पडद्याकडे बघत बसले. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि त्या जुन्या पिशवीसाठीही. वैजीनाथसारखा निगरगट्ट माणूस, तोही मान खाली घालून सतरंजीचे धागे उपसत बसला होता. मग व्यंकटराव उठून उभे राहिले, घसा खाकरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. ही गाडी इथून पुढं विनाथांबा जाईल. एक सवारी सोडून बाकीच्यांनी उतरून घ्यावं. तुमच्यासाठी मागून गाडी येतेय."

"किती वाजता?" सितारामनं विचारलं.

"येईल," व्यंकटराव म्हणाले. एवढ्या वर्षांत ते वेळ न सांगता असं पहिल्यांदा बोलले असतील.

आम्ही कुरकुरलो. वैजीनाथ तर तिकिटाचे पैसे परत मागत होता, तिकीट न काढता. पण रुमाल-टॉवेल उचलून आम्ही निमूट ओसरीवर आलो. मागची गाडी येणार म्हटल्यावर घरी कसं जायचं, म्हणून तिथंच पायऱ्यांवर बसलो. खिडकी उघडीच होती, आतलं सगळं दिसत होतं.

व्यंकटरावांनी एकेक खोली सोडून दिली. पहिली ठेवली. मग त्यांनी स्वतः जाऊन दैवशालाबाईंचा हात धरला आणि त्यांना खुर्चीवर आणून बसवलं. बाईंनी पदर सावरला, मांडीवर पिशवी घेतली. ती पिशवी त्या कधी घेऊन आल्या, मला दिसलंच नाही.

यानानं उडी घेतली. पडदा निळा झाला. एक मोठा तारा, शेजारी, भोवती कड्यासारखं काहीतरी फिरत असलेला एक पिवळा ग्रह, आणि खाली ओळ आली की इथं याआधी कुणीच आलेलं नाही. दैवशालाबाई ते बराच वेळ बघत राहिल्या. पायऱ्यांवर सिताराम लिंबू हुंगायचं विसरला.

"हाच का शेवटचा थांबा?" त्यांनी विचारलं.

"हाच."

"परतीची गाडी कवा हाय?"

हा प्रश्न व्यंकटरावांना आयुष्यात हजारो लोकांनी विचारला असेल. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ताऱ्याकडे पाहिलं, आणि दुसरी खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले.

"आज न्हाई," ते म्हणाले. "मुक्कामी गाडी हाय ही."

दैवशालाबाईंनी पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली आणि दुखरे पाय लांब केले.